पहिल्या भाषेचं भिजत घोंगडं

निर्णय: निर्णय पुढच्या बैठकीत घ्यावा, असा निर्णय झाला.

*

बर्फ काढणाऱ्या गाडीचं पातं जमिनीपासून बोटभर वर ठेवावं लागतं. खाली गेलं तर रस्ता सोलला जातो, वर राहिलं तर बर्फ जागच्या जागी.

*

वेलदोड्याच्या पावावर साखर वरून भुरभुरायची की आत घालायची, यावरून या गावात दोन घराणी एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण फक्त हवेबद्दल.

*

“अजगर चावतो का गं?”
“नाही. आवळतो.”

*

स्वीडनमध्ये कुणालाही नोकरीवरून काढत नाहीत. परिवर्तनाच्या वाटेवर त्याला सोबत करतात.

*

मोज्याला भोक असेल तर पहिल्या बैठकीला जाऊ नये. बूट दारात काढावे लागतात.

*

हिल्लेवीच्या मोज्याला भोक नव्हतं. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी त्या संध्याकाळी ती वाचनालयाच्या तळघरात पूर्ण तयारीने आली होती, एवढं मान्य करावं लागेल.

ती नगरपालिकेच्या रस्ते खात्यात होती. बर्फ पडला की लोक फोन करत: आमच्या गल्लीत गाडी आलीच नाही, आली ती माझ्या दारात ढीग लावून गेली, शेजाऱ्याच्या दारातला ढीग माझ्यापेक्षा लहान का. हिल्लेवी गल्लीचं नाव ऐकायची, ती गल्ली कुठल्या ड्रायव्हरच्या वाट्याची हे तक्त्यात बघायची आणि त्याला कळवायची. बघायची म्हणजे बघितल्यासारखं करायची. सगळं गाव तिला पाठ होतं.

ऑगस्टमध्ये तिच्या साहेबाने तिला बोलावून घेतलं. यर्केर वयाने तिच्या मुलासारखा. सायकलचं हेल्मेट तो कचेरीतही डोक्यावरून काढत नसे. विचार कधी कुठून आदळतील सांगता येत नाही.

“हिल्लेवी, तू म्हणजे आपल्या खात्याचा खजिना आहेस,” तो म्हणाला.

“खजिना पुरून ठेवतात,” हिल्लेवी म्हणाली.

तो हसला. मग मुद्द्यावर आला. जूनपासून हे काम राहणार नव्हतं. लोकांचे निरोप आपोआप योग्य ड्रायव्हरकडे जायला हवे होते, आणि त्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिणारं माणूस खात्यात हवं होतं. पहिला हक्क तिचा.

“मे महिना लागला की मला एवढंच दाखव की तू प्रोग्रॅमिंगला हात घातलायस.”

“आणि नाही घातला तर?”

“तर जिल्ह्याच्या गावी एक फार चांगली सल्लागार आहे,” यर्केर हळुवार आवाजात म्हणाला. “तिच्या खिडकीतून नदी दिसते.”

ती नदी बघून आलेले तिघेजण हिल्लेवीच्या ओळखीचे होते. एक आता चिनीमातीची घुबडं बनवत असे. छप्पन्नाव्या वर्षी घुबडं बनवायची हिल्लेवीची मुळीच तयारी नव्हती.

घरी बसून एकटीने शिकावं, हे तिच्या मनातही आलं नाही. या देशात माणूस एकट्याने दोनच गोष्टी करतो: मासे पकडतो आणि मरतो. बाकी सगळं मंडळ काढून. म्हणून तिने अभ्यासमंडळात नाव घातलं. “प्रोग्रॅमिंग: पहिली पावलं.” पाटीवर दोन पावलांचं चित्र होतं. दोन्ही डावी.

मुद्दा एक. बैठक सुरू करणे

मंडळ चालवणाऱ्या सिक्स्टेनने छोटा लाकडी हातोडा टेबलावर आपटला आणि बैठक सुरू झाल्याचं जाहीर केलं. समोर तीन माणसं होती.

सिक्स्टेनचं सगळं आयुष्य कागद कारखान्याच्या कामगार संघटनेत गेलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हासुद्धा बैठक वेळेवर संपली होती, हे तो अभिमानाने सांगे. प्रोग्रॅमिंग त्याला येत नव्हतं, आणि येण्याची गरजही नव्हती. अभ्यासमंडळात शिक्षक नसतो. शिक्षक आला की एक वर आणि बाकीचे खाली असं होऊन बसतं. मंडळात सगळे समान, आणि या मंडळात ती समानता पहिल्या दिवसापासून संपूर्ण होती. कुणालाच काही येत नव्हतं.

“तर पहिला प्रश्न,” सिक्स्टेन म्हणाला, “कुठली भाषा शिकायची?”

त्याला वाटलं होतं, कॉफीच्या सुट्टीपर्यंत हे उरकेल. अर्थात कॉफीची सुट्टी तेवढी वेळेवर झाली.

“सी,” राग्नवाल्ड म्हणाला. तो निवृत्त भौतिकशास्त्र मास्तर होता. “पहिली भाषा कठीणच हवी. मी पोरांना पोहायला कसं शिकवायचो? थंड तळ्यात ढकलून.”

“किती शिकली?” तूवाने विचारलं.

“जी शिकली ती उत्तम पोहतात.”

तूवा सायकलच्या दुकानात कामाला होती. मंडळात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अनुभवी तीच. अनुभव म्हणजे तिने आजवर एक ओळही लिहिली नव्हती, पण कुठल्या भाषेचे लोक कुठल्या भाषेच्या लोकांना हसतात, हे तिला मुखोद्गत होतं.

“सी? म्हाताऱ्या, हात कापून घ्यायचाय का पहिल्याच दिवशी? मेमरी तूच मोकळी करणार, तूच विसरणार. त्यापेक्षा रस्ट ही भाषा बघ.”

“ती सोपी आहे का?”

“छे! पण ती शिकतोय असं सांगितलं की लोक गप्प होतात.”

हिल्लेवीने हळूच विचारलं, “पायथन, म्हणजे अजगर, म्हणून एक असते ना? नवशिक्यांना बरी पडते म्हणतात.”

“मंद आहे गं ती,” तूवा म्हणाली.

“किती मंद?”

“असेल सेकंदाचा शंभरावा भाग.”

“मला मे महिन्यापर्यंत वेळ आहे,” हिल्लेवी म्हणाली.

पण सिक्स्टेनने बोट वर केलं. त्याच्या मते प्रश्न वेगाचा नव्हता, प्रश्न मुळाचा होता. भाषा आली कुठून? तूवाला हेही माहीत होतं. पायथन एका डच माणसाची. जावा अमेरिकेतली. सी-प्लसप्लस डेन्मार्कच्या एका माणसाची.

“डेन्मार्कच्या?” राग्नवाल्ड म्हणाला.

सिक्स्टेनने पेन खाली ठेवलं.

“त्यांचं साधं बोलणं आपल्याला कळत नाही,” सिक्स्टेन खेदाने म्हणाला, “आणि आता हे.” मग त्याचे डोळे चमकले. “आपल्याकडची कुठली नाही का?”

होती. एर्लांग. टेलिफोनच्या यंत्रांसाठी इथेच तयार झालेली. सिक्स्टेनला ती ऐकताक्षणी आवडली. टेलिफोनसाठी म्हणजे संवादासाठी, आणि संवादासाठी म्हणजे जवळजवळ संघटनेसाठीच.

हिल्लेवीने पुन्हा धीर केला. “आमच्या कचेरीतल्या तक्त्याच्या आतच एक भाषा असते म्हणतात. एक्सेलमध्ये. वेगळं काही आणावं लागत नाही.”

तूवाला ठसका लागला. कॉफी नाकातून आली. “बाई गं, ती भाषा नाही, शिक्षा आहे!”

सिक्स्टेनने इतिवृत्तात लिहिलं: हिल्लेवीची सूचना नाकारण्यात आलेली नाही. विचारात घेण्यातही आलेली नाही.

मुद्दा दोन. अभ्यासगट नेमणे

अभ्यासमंडळाने भाषा ठरवण्यासाठी अभ्यासगट नेमला. त्यात चारच जण होते: सिक्स्टेन, राग्नवाल्ड, तूवा आणि हिल्लेवी. मंगळवारी ते मंडळ म्हणून भेटत आणि गुरुवारी गट म्हणून. गुरुवारी ठरलेलं मंगळवारी मंडळासमोर मांडलं जाई, आणि मंडळाला गटाच्या कामात नेहमीच काही त्रुटी आढळत.

ऑक्टोबरात गटाने पाच भाषांचा मसुदा गावातल्या संस्थांकडे अभिप्रायासाठी धाडला. ज्यांना काडीचा संबंध नाही त्यांनाही विचारायचं, ही इथली रीत. नंतर कुणी म्हणायला नको, आम्हाला कुठे विचारलं होतं. मासेमारी संघाने कळवलं की भाषेबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, मात्र बैठका बुधवारी नकोत. चर्चने सर्व पाच भाषांना शुभेच्छा दिल्या. वाचनालयाने विचारलं की तळघरातले कप कोण धुतं.

अभिप्रायांवर चर्चा झाली. कपांवर सर्वाधिक.

मुद्दा तीन. मतदान

जानेवारी उजाडला. गावावर बर्फ कोसळत होता, कचेरीत फोन थांबत नव्हता, आणि यर्केर हेल्मेटखालून हसत जाता जाता विचारायचा, “काय मग, कसं चाललंय प्रोग्रॅमिंग?”

“चर्चा चालू आहे.”

“छान! पाया पक्का हवा.”

मतदान झालं. तीन विरुद्ध एक. पायथनच्या बाजूने तीन, राग्नवाल्ड विरोधात. आता बहुमत म्हणजे निर्णय, असं जगात इतरत्र मानतात. पण एका माणसाला नाराज ठेवून पुढे जायचं म्हणजे त्याच्या बुटात पाणी ओतून त्याला बर्फात पाठवण्यासारखं. म्हणून कॉफीच्या सुट्टीत तिघांनी आपापल्या मनाशी विचार केला आणि राग्नवाल्डचा मान राखून सीच्या बाजूने वळायचं ठरवलं. राग्नवाल्डनेही त्याच सुट्टीत आपला हट्ट सोडला होता. दुसरं मतदान: सीच्या बाजूने तीन, पायथनच्या बाजूने राग्नवाल्ड.

“तू तर म्हणाला होतास—”

“मी तुमच्यासाठी म्हणालो!”

“अरे, आम्ही तुझ्यासाठी!”

सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. तिसऱ्या मतदानात एर्लांग आली. कुणाला वाटलं सिक्स्टेनला बरं वाटेल. सिक्स्टेन एकटा विरोधात गेला, कारण नेत्याने आपलं मत लादू नये. चर्चेचं हे गुऱ्हाळ फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत चाललं. रस निघाला नाही, चिपाडं तेवढी वाढली.

हिल्लेवीला रात्री घुबडं दिसू लागली. चिनीमातीची, ओळीने मांडलेली, गोल डोळ्यांची.

मुद्दा सात. लूप म्हणजे काय

(चार ते सहा पुढे ढकलले.)

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तूवाने सगळ्यांना लूप समजावून सांगितलं. भाषा ठरली नसली तरी सर्वसाधारण माहिती घ्यायला हरकत नाही, असा तोडगा सिक्स्टेनने काढला होता.

“म्हणजे बघा, तेच काम तो पुन्हा पुन्हा करत राहतो,” तूवा म्हणाली, “आणि संपलं की थांबतो.”

“थांबत नाही,” हिल्लेवी म्हणाली.

ती पावाला लोणी लावत होती. मान वर न करताच पुढे बोलत गेली. “कुठे थांबायचं ते आपण सांगावं लागतं. नाहीतर गरगरत राहतो. पडदा गोठतो. मग सगळं बंद करून परत सुरू करायचं, आणि तक्ता जतन केला नसेल तर सकाळपासूनचं काम पाण्यात.”

लोणी लावायची सुरी मध्येच थांबली. तिला स्वतःचे शब्द आता ऐकू आले.

राग्नवाल्डने कप खाली ठेवला. “कुणाचं काम पाण्यात गेलं?”

“एखाद्याचं. उदाहरणार्थ.”

“हिल्लेवी,” सिक्स्टेन म्हणाला. कारखान्यात संप फोडणाऱ्या माणसाला हाक मारताना तो हाच आवाज लावत असणार. “कधीपासून चाललंय हे?”

“थोडेच दिवस झाले.”

“घरी?”

“कचेरीत. जेवणाच्या सुट्टीत.”

“एकटी?”

“एकटीच.”

“आम्ही इथे बसलेलो असताना!” राग्नवाल्ड म्हणाला. खरं तर ते जेवणाच्या सुट्टीत इथे बसलेले नसत. पण भावना पोचली.

तूवा पुढे झुकली. “कुठली?”

हिल्लेवी पुन्हा लोणी लावू लागली.

“सांग ना. कुठली भाषा?”

“तक्त्यातली.”

“ती?” तूवाने कपाळाला हात लावला. “अगं बाई, पळून जायचंच होतं तर निदान कुणी बरा तरी बघायचास!”

राग्नवाल्डचं म्हणणं सरळ होतं. एकीने पुढे जायचं आणि बाकीच्यांनी तिची पाठ बघत बसायचं, याला मंडळ म्हणत नाहीत. उद्या ती काहीतरी जाणत असल्यासारखी बोलेल. आज बोललीच. हिल्लेवीने जून महिन्याबद्दल, नोकरीबद्दल सांगितलं. तिघांनी अत्यंत सहानुभूतीने ऐकलं. सिक्स्टेनने तिच्या हातावर हात ठेवला.

“शिकलीस यात गैर काही नाही,” तो म्हणाला. “पण हे नवशिक्यांचं मंडळ आहे. तू अजून नवशिकी आहेस का, हा प्रश्न आहे. आणि तो असा आयत्या वेळी घेता येणार नाही. पुढच्या बैठकीत विषय म्हणून घेऊ.”

आयत्या वेळचे विषय

एप्रिल संपत आला. हिल्लेवी नवशिकी आहे का, हा विषय दर बैठकीत पुढे ढकलला जात होता. हिल्लेवीचा प्रोग्रॅम तयार होता. दिसायला काहीच नाही: तक्त्यात एक रकाना, गल्लीचं नाव टाकायचं आणि बटण दाबायचं; ड्रायव्हरचं नाव यायचं आणि त्याला निरोप जायचा. शाळेमागची गल्ली दोन ड्रायव्हरांत अर्धी-अर्धी वाटलेली. घराचा क्रमांक सम की विषम, हे बघून तोही घोळ प्रोग्रॅम बरोबर सोडवत होता. त्या गल्लीवरून दरवर्षी भांडणं होत. आता कुठल्या माणसाशी भांडायचं ते तरी लगेच कळणार होतं.

ती यर्केरकडे गेली. “दाखवू?”

“अगं, दाखवून मला काय कळणार?” तो दिलखुलास हसला. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि मला आवडलं म्हणून मी ठरवलं, असं चालतं होय? कर्मचारी विभागाला काहीतरी हातात द्यायला हवं. तुझ्या त्या मंडळाचं प्रमाणपत्र आण ना. बस, झालं काम.”

“पण हे चालतंय. आत्ता. एक बटण दाबून बघ.”

“विश्वास आहे माझा तुझ्यावर!” यर्केर म्हणाला. त्याने पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, इतका विश्वास होता.

सत्राची शेवटची बैठक त्याच आठवड्यातल्या मंगळवारी होती. हिल्लेवीने पाव स्वतः भाजून नेले. काहींवर साखर वर होती, काहींच्या आत. कुणालाही दुखवून चालणार नव्हतं.

“प्रमाणपत्र सगळ्यांना मिळेल,” सिक्स्टेन म्हणाला. “त्यावर मजकूर असा आहे: सदर व्यक्तीने मंडळाच्या बरोबरीने संपूर्ण सत्र अभ्यास केला. आता ‘बरोबरीने’ या शब्दावर मला खोटी सही करता येत नाही.”

“ती पुढे गेली,” राग्नवाल्ड पाव खात म्हणाला.

“मग ते खोडून ‘थोडी पुढे’ असं लिहा ना,” तूवा म्हणाली.

“छापील आहे.”

हिल्लेवीने तिघांकडे बघितलं. वाईट माणसं नव्हती. सिक्स्टेन दर बैठकीनंतर तिला घरापर्यंत सोडायचा. तूवाने तिच्या सायकलची साखळी फुकट बसवून दिली होती. डिसेंबरात तिला ताप आला तेव्हा राग्नवाल्ड सूप घेऊन दारात उभा होता. तिच्यासाठी त्यांनी काहीही केलं असतं. फक्त तिला काहीतरी येतं, एवढं त्यांना सहन होणार नव्हतं.

तिच्या डोळ्यांपुढून घुबडं गेली.

“मी पुढे वगैरे काही गेले नाही,” ती म्हणाली. “चाचपडत होते. मला काही येत नाही.”

“लूप?” राग्नवाल्डने संशयाने विचारलं.

“संपलं की थांबतो. तूवा म्हणाली तसंच.”

तूवाने तिच्याकडे रोखून बघितलं आणि मग तळघराच्या छोट्या खिडकीकडे.

“आणि पुढच्या सत्रात?” सिक्स्टेनने विचारलं.

“तुमच्याबरोबर. पहिल्या धड्यापासून.”

“कुठली भाषा?”

“तुम्ही म्हणाल ती.”

आणि त्याच घटकेला सप्टेंबरपासून अडलेलं घोडं सुटलं. चौघांत एकाला जरी कशाचंच काही वाटेनासं झालं तरी एकमत किती भराभर होतं, हे बघून सगळेच चकित झाले. पायथन. चार विरुद्ध शून्य. हातोडा पडला, टाळ्या झाल्या, राग्नवाल्डच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकायला सुरुवात सप्टेंबरात. तत्पूर्वी पुस्तक निवडण्यासाठी अभ्यासगट.

सिक्स्टेनने सही केली. ‘बरोबरीने’ या शब्दाखाली त्याने बारीक रेघही ओढली, प्रेमाने.

यर्केरने प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून वाचलं. कर्मचारी विभागाने त्याची प्रत काढली. जूनमध्ये हिल्लेवी त्याच खुर्चीत बसली, फक्त दारावरची पाटी बदलली होती. तिने तक्ता उघडला, बटण दाबायला बोट पुढे केलं, आणि यर्केर आत आला.

“ते सध्या नको,” तो म्हणाला. “खात्याने कुठली भाषा वापरायची ते आधी सगळ्यांना विचारून ठरवायला हवं. पाणीपुरवठा, उद्यानं, स्मशानभूमी, सगळ्यांना. आणि या कामाचा तुझ्याइतका अनुभव कुणाकडे आहे, सांग बरं?”

“कुणाकडेच नाही,” हिल्लेवी म्हणाली, आणि तिने तक्ता मिटला. बाहेर ऊन होतं. बर्फ पडायला अजून बरेच महिने होते.

सगळ्यांना विचारून झाल्यावर तिचा प्रोग्रॅम खात्यात पहिल्यांदा चालला तो पुढच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, आणि या देशात दर गुरुवारी असतं तसं त्या दिवशी जेवायला मटारचं सूप होतं.